ग्रुपात हजार, घाटीत एकटा

फुलंब्रीत माणूस गेला की खांदेकरी जमायच्या आत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ जमते. पहिली श्रद्धांजली ज्याची पडते त्याचा रुबाब वेगळा. मागून तीनशे-चारशे जण जोडलेल्या हातांचं चित्र चिकटवतात आणि कर्तव्यातून मोकळे होतात. एखादा घाईत अंगठा दाखवतो. त्याला कोणी बोलत नाही, कारण तोवर कोणीतरी मक्याचा भाव टाकलेला असतो आणि दुःख वर सरकून दिसेनासं झालेलं असतं. माती किती वाजता, हे विचारणारा एखादाच. तो बहुधा ग्रुपात नसतो, शेजारी राहत असतो.

संभाजीनगर-सिल्लोड रस्त्यावरचं आमचं हे तालुक्याचं गाव. अलीकडे सावंगीपाशी समृद्धी महामार्गाचं तोंड, गावाजवळ गिरिजा नदी, रानात मका, कपाशी आणि अद्रक. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि तेव्हापासून इथं कोणी एकटं उरलं नाही. ज्याला शेतात गडी मिळत नाही, त्यालासुद्धा पंधरा ग्रुप आहेत. एक भावकीचा. एक भावकीतल्या एकाला वगळून केलेला खऱ्या भावकीचा. एक दहावीच्या बॅचचा, ज्यात मास्तरांच्या पाया पडतानाचे फोटो येतात आणि रात्री अकरानंतर वेगळं काही येतं. एक अद्रकवाल्यांचा, एक वधू-वरांचा, एक पक्षाचा, एक पक्ष फुटला तेव्हा काढलेला, आणि एक दोन्ही पक्षांच्या कार्यकर्त्यांनी गुपचूप चालवलेला, जिथं खरी कामं होतात.

सकाळी या सगळ्यांत सूर्य उगवतो. गुलाबाच्या फुलावर दव, खाली सुविचार, त्याखाली पाठवणाऱ्याचं नाव आणि पद. २०१८ च्या सुरुवातीला बातमी आली होती की, भारतातले फोन सारखे भरून अडकतात कशानं याचा गूगलच्या लोकांनी शोध घेतला, तर कारण निघालं ही शुभ प्रभातची चित्रं. सिलिकॉन व्हॅलीतल्या अभियंत्यांनी मान्य केलेलं भारतीय माणसाचं हे प्रेम. त्यांनी ते पुसायला ॲपच काढलं, हा भाग वेगळा.

तरी सोशल मीडिया गावाला नवा नाही. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स बघा. मधे गॉगल घातलेला उत्सवमूर्ती, वर नेत्यांची रांग, खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून चाळीस डोकी. बांबूवर बांधलेलं टॅगिंगच आहे ते. कोणाचं डोकं कोणाच्या वर, कोणाचं कापलं, कोणाचं मागच्या वर्षीचं वापरलं, यावरून इथं बोलणं बंद झालेलं आहे. फरक एवढाच की फ्लेक्स आठ दिवसांत वाऱ्यानं फाटायचा. हातातला फाटत नाही.

आता हिशेब. व्हॉट्सॲपच्या ग्रुपात एके काळी शंभर माणसं मावायची. २०१६ मध्ये २५६ झाली, २०२२ मध्ये आधी ५१२ आणि त्याच वर्षाअखेर १,०२४. इंग्लंडमधल्या रॉबिन डनबार नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं १९९२ मध्ये माकडांच्या मेंदूचा आकार आणि त्यांच्या टोळीचा आकार यांचं गणित मांडलं. ते माणसाला लावलं तर उत्तर दीडशेच्या आसपास येतं. एवढ्याच लोकांशी आपण खरी ओळख ठेवू शकतो म्हणे. त्यातही आतली कडी पाच जणांची, मग पंधरा, मग पन्नास. त्याच्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले, ते होऊ द्या. आमच्याकडं हे पाच जण ओळखायला माकडं मोजावी लागत नाहीत. घाटीत भरती व्हावं लागतं.

संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय, म्हणजे घाटी, ही मराठवाड्याची नातं तपासायची प्रयोगशाळा आहे. माणूस वॉर्डात पडला की ग्रुपात ‘लवकर बरे व्हा’चा पाऊस पडतो. तिसऱ्या दिवशी डबा कोण आणतं ते बघावं. डबा आणणारे साधारण पाचच भरतात. डनबारसाहेबांचं बरोबर होतं. आणि त्या पाचांतले दोन असे निघतात की ज्यांच्याशी बांधावरून कोर्टात तारीख चालू आहे.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर मोबाइलवाले म्हणतील हा म्हातारा झाला. रात्री रक्त लागलं, ग्रुपात टाकलं, आणि अनोळखी पोरगा मोटारसायकलवर येऊन बाटली देऊन गेला, नावसुद्धा न सांगता, असंही घाटीनं पाहिलं आहे. तोच ‘अर्जंट’ संदेश पुढं अनेक महिने फिरत राहतो, पेशंट घरी जाऊन पेरणीला लागला तरी. पण पहिल्या तासात तो खरा होता. ज्या वायरीनं कचरा येतो तिनंच रक्तही येतं, त्यामुळं वायर तोडा म्हणणारा शहाणा आणि वायरच देव म्हणणारा शहाणा, दोघांनाही घाटीच्या कॅज्युअल्टीत एक रात्र बसवायला हवं.

या ‘व्यसना’चा जन्म कसा झाला ते फार कोणाला माहीत नाही. १९९५ मध्ये आयव्हन गोल्डबर्ग नावाच्या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं इंटरनेटच्या व्यसनाची लक्षणं लिहून काढली. ती होती थट्टा. मानसोपचाराच्या जाडजूड ग्रंथात दर गोष्टीला आजार म्हणायची जी खोड आहे, तिची त्यानं टर उडवली होती. लोकांनी ती वाचली आणि गंभीर चेहऱ्यानं कळवलं की, डॉक्टर, हे तर मलाच झालंय. पुढच्याच वर्षी किंबर्ली यंग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यावर खरोखरच अभ्यास मांडला. २०१४ मध्ये बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये यासाठी खास क्लिनिक निघालं. जागतिक आरोग्य संघटनेनं मोबाइल-संगणकावरच्या खेळांच्या अतिरेकाला २०१९ मध्ये आजारांच्या यादीत घेतलं. सोशल मीडियाला मात्र अजून आजार म्हटलेलं नाही. तिरकस लिहिणाऱ्यांनी जपून राहावं. आपला विनोद कधी सरकारी योजना होईल सांगता येत नाही.

याहून मजेची गोष्ट पिट्सबर्गची. तिथं रॉबर्ट क्राउट आणि मंडळींनी ७३ घरांतल्या १६९ माणसांना संगणक आणि इंटरनेट दिलं आणि एक-दोन वर्षं लक्ष ठेवलं. १९९८ मध्ये निष्कर्ष छापला: जे नेट जास्त वापरतात त्यांचं घरात बोलणं कमी होतं, गोतावळा आकसतो, एकटेपणा आणि उदासी थोडी वाढते. वर्तमानपत्रांना असं काही हवंच असतं. मग त्याच मंडळींनी त्याच माणसांना पुढं पुन्हा गाठलं, तर तो परिणाम बराचसा विरून गेलेला. आणखी नवी माणसं घेऊन पाहिलं, तर उलट फायदाच दिसला. पण कोणाला? जो मुळात बोलका, ज्याला आधीच आधार, त्याला. घुम्या माणसाचा तोटा झाला. २००२ मधली ही गोष्ट. म्हणजे ज्याच्या ओट्यावर आधीच चार जण बसलेले, त्याला नेटनं आणखी चार आणून दिले. आणि ज्याच्या ओट्यावर कुत्रंही फिरकत नव्हतं, त्याला नेटनं दुसऱ्यांचे भरलेले ओटे दाखवले. दिवसभर दाखवले.

दुसऱ्या निष्कर्षाच्या बातम्या पहिल्याएवढ्या गाजल्या नाहीत. ‘नेटमुळं काहींचं बरं आणि काहींचं वाईट होतं’ या मथळ्यावर पेपर कोण विकत घेईल?

तर प्रश्न असा की व्यसन नेमकं कोणाला म्हणायचं. आमच्याकडं याचं उत्तर सोपं आहे: जो घरात सगळ्यात गरीब त्याला. दादा स्टँडवर दुपारभर रील बघतो, तो ‘टाइमपास’. आबा युट्यूबवर देशाचं राजकारण ऐकत झोपतात, ते ‘माहिती’. सून धुणं झाल्यावर आईशी पंधरा मिनिटं व्हिडिओ कॉल करते, तिला ‘मोबाइलचा नाद लागलाय’. त्या बिचारीचं माहेर कन्नडच्या पल्याड, वर्षातून दोनदा जाणं, आणि तेही कोणीतरी न्यायला आलं तर. तिच्या हातातल्या त्या काचेत तिची आई भाकरी थापत असते. त्या पंधरा मिनिटांना व्यसन म्हणणाऱ्या सासूबाई रात्री साडेआठला मालिकेतल्या सुनेसाठी डोळे पुसतात.

ऊसतोडीला गेलेली जोडपी घ्या. दिवाळीनंतर मराठवाड्यातून हजारो जण पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं जातात, लेकरं आजीजवळ. फडातल्या पालात बसून रात्री लेकराचा चेहरा बघायचा तर दुसरं साधन कुठलं? याला कोणी ‘ऑनलाइन सामाजिक संबंध’ म्हटलं तर त्या माउलीला हसू येईल. ती त्याला पोरगं म्हणते.

आणि रात्रीचं पाणी. शेतीची थ्री फेज लाइट आपल्याकडं रात्री-अपरात्री यायची, तिच्यासाठी माणूस थंडीत दोन वाजता हरभऱ्यात दारं धरायला उभा. बिबट्याच्या बातम्या रोजच्या. अशा वेळी दोन बांध पलीकडं तसाच उभा असलेला सोबती व्हिडिओ कॉलवर घ्यायचा. बोलायला काहीच नसायचं. ‘हं’, ‘हं’, ‘आली का तिकडं?’, ‘आली’. तासभर हेच. मान मोडणं, डोळे फुटणं वगैरेवर व्याख्यानं देणाऱ्यानं तेवढ्या वेळी त्या वाफ्यात उभं राहून दाखवावं.

याच गावात दुसरा एक वर्ग आहे, त्याचं मला खरं वाईट वाटतं. वय तिशीच्या पुढं, दोन-तीन एकर, पदवी, आणि लग्न जमत नाही. शेतकरी नवरा नको, हे आता मुलीचे वडीलही उघड सांगतात आणि ते वडील स्वतः शेतकरीच असतात. या पोराला फेसबुकवर पाच हजार मित्र आहेत, म्हणजे कंपनीची मर्यादाच संपलेली. इन्स्टावर ट्रॅक्टरशेजारचं रील आहे. रोज कोणाचा तरी साखरपुडा त्याला तिथं दिसतो आणि तो रोज मनापासून नसलेलं हृदय पाठवतो. बोटानं वर ढकलत राहायची ती सोय, जिथं पान कधी संपतच नाही, ती २००६ मध्ये आझा रास्किन नावाच्या पोरानं काढली आणि पुढं त्यालाच पस्तावा झाला. आमच्या पोराचा प्रश्न पान न संपण्याचा नाही. पान संपवून उठावं असं बाहेर काही त्याला कोणी ठेवलेलं नाही. तालमीचं पत्र्याचं शेड झालं, वाचनालयाला कुलूप, आणि पारावर बसावं तर पहिला प्रश्न ‘काय मग, कुठं जमलं का?’ त्यापेक्षा मोबाइल बरा. तो निदान हे विचारत नाही. वधू-वर मंडळाची जाहिरात दाखवतो, तेवढंच.

पारावरून आठवलं. पत्ते आधीही होते, जुगार आधीही होता, घरं आधीही बुडाली. पण पारावरच्या डावाला चार गडी लागायचे, आणि त्यातला एक तरी ‘अरे, आज बास कर, वहिनीनं मला विचारलं’ म्हणणारा असायचा. मोबाइलवरच्या रमीला गडी लागत नाही. माणूस हरतो ते एकट्यानं, आणि कळतं ते विहिरीवर चपला सापडल्यावर. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. त्याच्या महिनाभर आधी आपल्या विधान परिषदेत कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या हातातल्या मोबाइलवर रमी दिसल्याची चित्रफीत राज्यभर फिरली. आपण खेळत नव्हतो, समोर आलेला गेम घालवत होतो, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांचं कृषी खातं गेलं आणि त्यांना खातं मिळालं क्रीडा. सरकारला विनोदबुद्धी नाही असं जे म्हणतात त्यांनी हा खातेबदल पुन्हा वाचावा.

आता आमच्या तालुक्याची शान. ३१ मार्च २०२३. गेवराई पायगा गावचे सरपंच मंगेश साबळे फुलंब्री पंचायत समितीसमोर गळ्यात नोटांची माळ घालून आले आणि त्यांनी दोन लाख रुपये उधळले. शेतकऱ्यांच्या विहिरी मंजूर करायला पैसे मागतात, तर घ्या, असा त्यांचा आरोप आणि आव. चित्रफीत बघता बघता महाराष्ट्रभर. फुलंब्री हे नाव नकाशावर शोधावं लागलं अशा लोकांनीही ती पुढं ढकलली. पुढच्या वर्षी हेच साबळे जालना लोकसभेला अपक्ष उभे राहिले आणि त्यांना दीड लाखावर मतं पडली. रावसाहेब दानवे पडले, फुलंब्रीचे माजी आमदार कल्याण काळे निवडून आले, ते आकडे सगळ्यांना पाठ आहेत.

म्हणून ‘लाइकनं काय होतं?’ असं मी म्हणणार नाही. लाइकनं दीड लाख मतं होतात, ती काही कमी नाहीत. माझी शंका दुसरीच आहे. ती चित्रफीत ज्या लाखोंनी बघितली, त्यांतल्या किती जणांना विहिरी नेमक्या कोणाच्या होत्या हे सांगता येईल? त्या शेतकऱ्यांचं पुढं काय झालं, पाणी लागलं का? बघणाऱ्यांना राग आला, राग पुढं ढकलला, आणि हलकं वाटलं. पूर्वी राग आलेला माणूस तहसीलपर्यंत चालत तरी जायचा. तिथं त्याच्यासारखे आणखी दोघं भेटायचे, चहा व्हायचा, त्या चहातून अर्ज व्हायचा. आता प्रत्येक जण आपापल्या खाटेवर पेटतो आणि आपापल्या खाटेवर विझतो. साहेब लोकांना याच्याएवढी सोयीची क्रांती कुठली?

मग करायचं काय? मोबाइल फेका, हे सांगणारे व्हिडिओ मोबाइलवर भरपूर आहेत, ते सोडून देऊ. अमेरिकेत हंट ऑल्कॉट आणि सहकाऱ्यांनी २०१८ च्या निवडणुकीआधी लोकांना पैसे देऊन महिनाभर फेसबुक बंद ठेवायला लावलं. रोजचा तासभर मोकळा झाला, मन जरासं बरं झालं. ‘जरासं’ लक्षात घ्या. मोकळ्या तासातला काही घरच्यांना मिळाला, काही टीव्हीला. आणि पैसे देऊन फेसबुक बंद करणारा माणूस आपल्याकडं मिळायचा नाही. पैसे घेऊन चालू करणारे पुष्कळ.

खरी गोष्ट सांगलीत घडली. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव, तीनेक हजार वस्ती. लॉकडाउनमध्ये शाळा मोबाइलवर गेली, शाळा परत आली, पण पोरांचं लक्ष मोबाइलमध्येच राहिलं, हे मास्तरांच्या ध्यानात आलं. १४ ऑगस्ट २०२२ ला सरपंच विजय मोहिते यांनी बायकांची सभा घेतली आणि दुसऱ्या दिवशी, स्वातंत्र्यदिनी, सुरुवात झाली. संध्याकाळी सातला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजतो. टीव्ही, मोबाइल बंद. पोरं अभ्यासाला, मोठी माणसं वाचायला किंवा बोलायला. साडेआठला पुन्हा भोंगा, की मोकळं. सुरुवातीला पुरुष हसले. आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त मास्तर घरोघरी फिरले, तेव्हा हसणं थांबलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळच्या पुसद तालुक्यात बांशी ग्रामपंचायतीनं अठराच्या आतल्या पोरांना मोबाइलबंदी केली, मोडली तर दोनशे रुपये दंड. हेतू चांगला. पण ‘पोरांनी बघू नये’ असा ठराव करणारे आपण सगळे मोठे, आणि तो ठराव गावभर कळवला कशावरून? ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना सोशल मीडियावरच्या खात्यांची बंदी केली. पोरांवर बंदी घालायला जगात कुठंही बहुमत लगेच मिळतं. वडगावची गंमत अशी की तिथं सातला बापाचाही मोबाइल खाली.

आणि शहाणपण त्याच ‘ही’मध्ये आहे. २०२३ मध्ये शिकागोच्या लिओनार्दो बर्स्टिन यांनी आणि तिघा सहकाऱ्यांनी हजारावर कॉलेजकुमारांना विचारलं: चार आठवडे टिकटॉक बंद ठेवायचे किती घेशील? सरासरी ५९ डॉलर. इन्स्टाग्रामचे? ४७ डॉलर. मग विचारलं: तुझ्याबरोबर तुझ्या कॉलेजातल्या सगळ्यांचंच बंद होणार असेल तर? आता पोरं घ्यायचं सोडून द्यायला निघाली! टिकटॉकसाठी सरासरी २८ डॉलर, इन्स्टासाठी १०, स्वतःच्या खिशातून, ‘पण एकदाचं सगळ्यांचं बंद करा’.

हे वाचून मी दोनदा चष्मा पुसला. म्हणजे पोरगं चिकटलंय ते मोबाइलला नाहीच. चिकटलंय ते उरलेल्या पोरांना. एकट्यानं ग्रुप सोडला की ते कळल्याशिवाय राहत नाही आणि संध्याकाळी घरी फोन: ‘काय रे, कोणाचा राग आला?’ भावकीचा ग्रुप सोडणं म्हणजे वाटणी मागणं. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्या निळ्या खुणा आल्यापासून तर वाचून गप्प राहणं हाही अपमान धरतात. दारू सोडणाऱ्याला बायको ओवाळते. ग्रुप सोडणाऱ्याला सोयरे टाळतात. अशा माणसाला ‘मनाचा निग्रह कर’ म्हणून काय उपयोग? त्याच्या एकट्याच्या निग्रहाला किंमतच नाही. भोंगा त्याचं काम करतो, कारण भोंग्यानंतर कोणी कोणावर रुसू शकत नाही. सातला सगळेच गायब. वडगावच्या बायकांनी हे एका सभेत ओळखलं, शिकागोला वर्षभर जास्त लागलं आणि डॉलरही लागले.

फुलंब्रीत भोंगा लावावा, असा विषय निघालाच तर काय होईल ते मला आत्ताच दिसतंय. पहिला वाद, भोंगा कोणाच्या देवळावर. दुसरा, आवाजावरून, त्याला पोलीस परवानगी. तिसरा, बटण कोण दाबणार, नगरपंचायतीचा माणूस की नगरसेवकाचा. वडगाव तीन हजारांचं, तिथं कोणाच्या खिडकीत निळा उजेड दिसतो ते पलीकडच्या ओट्यावरून कळतं. आमच्याकडं नव्या प्लॉटिंगमध्ये शेजारी कोण हेच ठाऊक नाही. तिथं आशाताई गेल्या तर दार उघडणारा आधी मोबाइलवर विचारील, ‘बाहेर कोण आलंय बघा जरा’.

तरी हे सगळं जमेल एक वेळ. वाद मिटवायला आपल्याकडं अनुभवी माणसं आहेत. खरी अडचण सरकारची आहे. पोरांचा गृहपाठ येतो वर्गाच्या ग्रुपात, तोही संध्याकाळीच. ज्या आशाताईंनी मोबाइल बंद करायला फिरायचं, त्यांची स्वतःची माहिती ॲपवर भरायची राहिलेली. पीक पाहणी आता तलाठ्याच्या डोळ्यांनी होत नाही, शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून मोबाइलनं करायची. पीएम किसानला केवायसी, लाडक्या बहिणीला केवायसी, महाडीबीटीला केवायसी. दिवसभर चक्र फिरत राहतं आणि रात्री गर्दी ओसरली की साइट उघडते. मग घरातली सगळी माणसं एका मोबाइलभोवती जमतात, म्हातारीचा अंगठा, सुनेचा आधार नंबर, आणि ओटीपी गेलाय पुण्याच्या पोराच्या मोबाइलवर, कारण नंबर त्याचा जोडलेला. त्याला फोन लागेपर्यंत ओटीपी मेला. पुन्हा टाका. पोरगं तिकडून ओरडतंय, इकडून आजी विचारतेय, ‘जेवला का रे?’ गावातलं सगळ्यात मोठं कौटुंबिक संमेलन अलीकडं हेच.

तेव्हा भोंगा बसवा, माझी वर्गणी लिहून घ्या. फक्त सर्व्हर चालू झाल्याचा निरोप आला, तर मधेच थांबवायची सोय ठेवा.